सीलिएकचा डॉक्टर शोधताना: आधी रक्त द्या, मग गहू सोडा

"गहू बंद करून पाहा, फरक पडतो का बघू." पोट सतत फुगतं, महिनोन्‌महिने संडास पातळ होतं, पोर काही केल्या अंग धरत नाही, अशी तक्रार सांगितली की हा सल्ला आता तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतो आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतही. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सीलिएकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं खराब होणाऱ्या आजाराची, शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडणं पुढे फार महागात पडतं. डॉक्टर कुठे आणि कसा शोधायचा हे सांगण्याआधी त्याचं कारण सांगतो, कारण चांगला डॉक्टर ओळखायची खूणही त्यातच आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो याचाच. काही लोकांत जन्मतःच अशी जनुकं असतात की त्यांच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती ग्लुटेनवर बिथरते आणि त्या भरात स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. या अस्तरावर बोटांसारखे अगदी बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तिथूनच रक्तात जातं. ते उंचवटे झिजून सपाट होतात. माणूस पोटभर जेवतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह शोषलं जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळत नाही म्हणून हाडं ठिसूळ, मुलांची उंची खुंटलेली, मुलींची पाळी उशिरा. जुलाब असतातच असं नाही. कित्येकांना पोटाची एकही तक्रार नसते, फक्त हिमोग्लोबिन वर येत नाही, नाहीतर तोंड वरचेवर येतं. ही गव्हाची ॲलर्जी नव्हे, आणि गव्हावर मारलेल्या फवारणीचा परिणामही नव्हे, जरी पारावर ही दोन्ही कारणं छातीठोकपणे सांगणारे भेटतात.

हा हल्ला चालू असताना रक्तात काही अँटिबॉडी वाढलेल्या दिसतात. त्यातली मुख्य तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. गहू सोडला की हल्ला थांबतो, अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात, अस्तर भरून यायला लागतं. तब्येतीच्या दृष्टीने हे उत्तमच, पण त्यानंतर रक्त तपासलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि तोंडातून नळी घालून करायच्या दुर्बिणीच्या तपासणीतही काही सापडत नाही. मग रुग्णाला बरं वाटतंय, पण आजार कागदावर कुठेच नाही. आणि सीलिएकचं पथ्य जन्मभराचं, तेही कडक. कागद हातात नसेल तर लग्नाच्या पंगतीत "एका पोळीनं काय होते?" म्हणणाऱ्या आत्याबाईंना काय दाखवणार? आणि दोन वर्षांनी स्वतःच्याच मनात शंका आली तर?

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कसा पक्का झाला, ती हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाबद्दल आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना सीलिएकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्याने आपल्या प्रबंधात हे मांडलं. त्याच्या हाताशी रक्ताची ही तपासणी नव्हती, गहू काढायचा आणि परत द्यायचा एवढंच होतं. आपल्याकडे आता तपासणी आहे, तरी पुष्कळदा आपण त्या जुन्याच वाटेने जातो.

विदर्भात हा आजार डोळ्याआड का राहतो

"हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे नसतो," असं कित्येक डॉक्टर अजून म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. भारतात झालेल्या पाहण्यांत उत्तरेत दर १०० माणसांत साधारण १ जण सीलिएकचा सापडला, दक्षिणेत दहा हजारात १ च्या आसपास. फरकाचं एक मोठं कारण म्हणजे उत्तरेत गहू कितीतरी जास्त खाल्ला जातो. आपण मध्ये. वऱ्हाडात पूर्वी ताटात ज्वारीची भाकर असायची, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भात. खरिपाची ज्वारी शेतातून गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, आणि पोळी सणावारापुरती न राहता रोजची झाली. ज्या माणसाच्या आजोबांनी जन्मभर भाकर खाल्ली, तो आज दोन्ही वेळ पोळी खातो. म्हणजे आजार होण्याची जनुकं ज्यांच्यात आहेत, त्यांना आता ग्लुटेनही भरपूर मिळतं.

दुसरं कारण सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल एवढा आहे की रक्त कमी दिसलं की डॉक्टरांच्या मनात तोच येतो, आणि तो आधी तपासायलाच हवा. घोळ पुढे होतो. सिकलसेलची सोल्युबिलिटी नावाची साधी रक्ततपासणी निगेटिव्ह आली की "मग खाण्यात कमी पडतंय" म्हणून लोहाच्या गोळ्या आणि जंताची गोळी देऊन फाईल बंद. यवतमाळकडची एक आई सांगत होती, "गोळ्या तर रोज देतो जी, रक्तच भरत नाही." मुलगी सातवीत, वजन चौथीतल्या पोरीएवढं, शाळेत दोनदा चक्कर येऊन पडलेली. गोळ्यांचे ब्रँड तीनदा बदलले होते. तोंडाने दिलेलं लोह महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर ते शोषलं जातंय का हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नव्हता. आणि हेही लक्षात ठेवा की सिकलसेल असणाऱ्याला सीलिएक होत नाही असा काही नियम नाही, एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

तिसरं कारण म्हणजे कुपोषण हा शब्दच. अंगणवाडीत मूल वजनाच्या तक्त्यात खाली गेलं की त्याला जास्त आहार सुचवतात, आणि त्या आहारात बऱ्याचदा गहूच असतो. बहुतेक मुलांना त्याचा फायदा होतो. पण पोषक आहार नीट देऊनही वजन जागचं हलत नसेल, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या, तर तिथे थांबून रक्त तपासायला हवं.

नेमका कोणता डॉक्टर

लोक "सीलिएकचा स्पेशालिस्ट" शोधत नागपूर पालथं घालतात, तिथून मुंबईला जायच्या गोष्टी करतात. सुरुवातीला त्याची गरज नाही. पहिल्या टप्प्याला हवा फक्त एक डॉक्टर, जो दोन ओळींची चिठ्ठी लिहील: टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए. तो तुमच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा एमबीबीएस असला तरी चालतो, तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ किंवा एमडी मेडिसिन असला तर आणखी बरं. दुसरी तपासणी का, तर थोड्या लोकांच्या शरीरात आयजीए जातीची अँटिबॉडी मुळातच फार कमी बनते, आणि सीलिएकच्या रुग्णांत असे लोक जरा जास्त, शंभरात दोन-तीन. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येते. टोटल आयजीए कमी आली की आयजीजी जातीची तपासणी करावी लागते. ही दुसरी ओळ जो डॉक्टर स्वतःहून लिहितो, त्याला या आजाराची माहिती आहे असं खुशाल समजा.

आणखीही खुणा आहेत. माहीतगार डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, "सध्या पोळी खाता का? किती?" मग विचारतो, घरात कोणाला थायरॉइड, लहानपणापासूनची इन्सुलिनवाली शुगर, असं काही आहे का. हे आजार सीलिएकसोबत येतात. उलट ज्याने पहिल्याच भेटीत चाळीस-पन्नास पदार्थांची "फूड इन्टॉलरन्स" तपासणी लिहिली, त्याच्याकडून उठून या. त्या महागड्या तपासणीतून सीलिएक कळत नाही, फक्त न खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी हातात पडते. एखादा डॉक्टर म्हणाला, "मी असा पेशंट कधी पाहिला नाही, पण तपासणी लिहून देतो, रिपोर्ट आला की पुढे पाठवतो," तर तोच तुमचा डॉक्टर. खेड्यात असा माणूस मिळणं म्हणजे अर्धं काम झालं.

बोलायचं कसं, हाही प्रश्न असतो. "मोबाईलवर वाचलं" या शब्दांनी सुरुवात केली की बहुतेक डॉक्टरांचं डोकं फिरतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही दोष नाही. त्यापेक्षा सरळ सांगा, "डॉक्टरसाहेब, सहा महिने लोहाच्या गोळ्या नियमाने घेतल्या, हे दोन रिपोर्ट पाहा, रक्त तिथंच आहे. सिकलसेलची तपासणी झाली, निगेटिव्ह आहे. एकदा सीलिएकची तपासणी करून पाहावी का?" जुने सगळे कागद आणि लहान मूल असेल तर अंगणवाडीचं वजनाचं कार्ड सोबत ठेवा. पाच मिनिटांच्या ओपीडीत तोंडच्या हकिकतीपेक्षा हे कार्ड जास्त बोलतं.

जवळपास डॉक्टरच नसेल तर ई-संजीवनी ही सरकारची फुकट सेवा आहे. मोबाईलवरून किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत तिच्यावरून डॉक्टरांशी बोलता येतं. शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, तिला गाठून मूल जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी घेता येते. ही टीम नेमकी कोणत्या दिवशी येणार, ते अंगणवाडीताईंना आधी माहीत असतं.

पैशाचं काय

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय या राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. हिमोग्राम, थायरॉइड अशा साध्या तपासण्या तिथे उरकून घ्या. टीटीजी मात्र बहुधा खाजगी लॅबमधून करावी लागते. हजार-दीड हजाराच्या आसपास खर्च येतो, दर लॅबप्रमाणे बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करा. यासाठी नागपूरला जायची गरज नसते. तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटरं असतात. रक्त तिथे द्यायचं, नमुना पुढे जातो, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. उपाशी राहायची गरज नाही. मी तर म्हणेन, नागपूरची एसटी धरायची ती हा रिपोर्ट खिशात घालूनच. रिकाम्या हाताने मोठ्या दवाखान्यात गेलं की पहिली फेरी तपासणी लिहून घेण्यातच जाते, गाडीभाडं आणि मजुरी बुडते ती वेगळी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड लोक या रक्ततपासणीसाठी पुढे करतात आणि नाही म्हटलं की चिडतात. ती योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. मूल फारच खालावलं असेल, भरती करावं लागत असेल, तर मात्र दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला नक्की विचारा.

दुसऱ्या टप्प्याला पोटविकारतज्ज्ञ लागतो. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला नुसतं "सुपर" म्हणतात तिथे, हा विभाग आहे आणि सरकारी दराने काम होतं. मिहानमधलं एम्स आहे, वर्धेजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, जे १९६९ पासूनच्या ग्रामीण मेडिकल कॉलेजचा दवाखाना म्हणून या भागातल्या लोकांना जवळचं वाटतं. लहान मुलासाठी यापैकी कुठेही आधी बालरोग विभागात जा. विशेष ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते फोन करून विचारल्याशिवाय घर सोडू नका. दुर्बिणीसाठी सकाळी सहा-आठ तास उपाशीपोटी पोहोचावं लागतं, म्हणून लांबून येणाऱ्याला आदल्या रात्री मुक्काम पडतो. सोबत एक मोठं माणूस हवंच.

रिपोर्ट आणि दुर्बीण

टीटीजीच्या रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाहू नका. आकडा पाहा आणि शेजारी छापलेली त्या लॅबची वरची मर्यादा पाहा. आकडा मर्यादेच्या थोडा वर असेल तर इतर आजारांतही असं होऊ शकतं, त्यावर लगेच शिक्का मारायचा नसतो. मुलांमध्ये हा आकडा मर्यादेच्या १० पट किंवा त्याहून वर असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटिबॉडीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बीण न करताही निदान करता येतं, असं युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो निर्णय मात्र बालपोटविकारतज्ज्ञाचा. गरीब घरासाठी ही फार मोठी सोय आहे, म्हणून डॉक्टरांना हे आवर्जून विचारा. मोठ्या माणसांत बहुतेक डॉक्टर दुर्बीण करतातच.

दुर्बीण म्हणजे तोंडातून बारीक नळी घालून जठर आणि त्याच्या पुढचं लहान आतडं पाहणं. घशात बधिर करायचा फवारा मारतात, पाच-दहा मिनिटांचं काम असतं. इथे एक गोष्ट हमखास हुकते. डॉक्टर आत पाहतात, आतडं वरवर बरं दिसतं, "किरकोळ जठरदाह" असं लिहून नळी बाहेर काढतात, आणि तुकडा घेतलाच जात नाही. सीलिएकमध्ये डोळ्यांना आतडं सर्रास चांगलं दिसू शकतं. झीज कळते ती सूक्ष्मदर्शकाखाली. शिवाय ती सगळीकडे सारखी नसते, इथे आहे, बोटभर पुढे नाही. माती परीक्षणाला आपण वावरातल्या एकाच कोपऱ्यातली माती नेत नाही, तसंच हे आहे. आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि त्याच्या पुढच्या भागातून किमान चार तुकडे घ्यावे लागतात. म्हणून खोलीत जाण्याआधी, फॉर्मवर सही करतानाच विचारा, "सीलिएकसाठी तुकडे घेणार ना? फॉर्मवर तसं लिहाल का?" तिथली सिस्टर घाईत असते, तरी विचारा. फॉर्मवर सीलिएक लिहिलेलं असलं की पॅथॉलॉजिस्टही त्या नजरेने पाहतो. तुकडा काढताना दुखत नाही, आतड्याच्या अस्तराला ती जाणीव नसते.

तुकड्यात झीज दिसली म्हणजे सीलिएकच, असंही नाही. आपल्या हवामानात ट्रॉपिकल स्प्रू नावाचा उष्ण प्रदेशातला आतड्याचा विकार, जिआर्डियाचा जंतुसंसर्ग, आतड्याचा क्षय यांतही अस्तर खराब होऊ शकतं. टीटीजी निगेटिव्ह आणि तुकडा खराब, अशी जोडी असेल तर गव्हाला दोष देण्याआधी हे आजार शोधायला हवेत. त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि क्षय राहून गेला तर ते जिवावर बेतू शकतं.

ज्यांनी आधीच गहू सोडला आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे खाऊन मग रक्त देता येतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत आणि वयात येणाऱ्या मुलांत हे शक्यतो टाळतात, कारण ती वाढीची वर्षं असतात. एचएलए नावाची जनुकांची तपासणी गहू सोडल्यावरही चालते, पण तिचा उपयोग एकाच बाजूने: निगेटिव्ह आली तर सीलिएक जवळजवळ नाहीच म्हणता येतं. पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी लोकांतही ती जनुकं भरपूर आढळतात. महागही आहे. डॉक्टरने सुरुवातीलाच लिहिली तर कशासाठी ते विचारून घ्या.

निदान झाल्यावर

औषध नाही. मुळापासून बरा करतो म्हणणारा कुठल्याही पॅथीचा असो, त्याला पैसे देऊ नका. उपचार म्हणजे गहू, रवा, मैदा, जव हे सगळं जन्मभर बंद, आणि या बाबतीत विदर्भातला माणूस नशीबवान आहे. ज्वारीची भाकर, भात, झुणका, पातोडी, तर्री-पोहे हे सगळं चालतं. शहरातले लोक ग्लुटेन-फ्रीच्या पाकिटांना चौपट पैसे मोजतात, आपल्याला त्याची गरज नाही. रोडगे, लांब पोळी, शेवया, कुरड्या, घरचं गव्हाचं सत्तू मात्र गेलं. डबीतला हिंग बघून घ्या, त्यात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

खरी अडचण गावच्या गिरणीत आहे. गहू दळून झाला की त्याच चक्कीत तुमची ज्वारी पडते, आणि पहिल्या दोन-तीन किलोत गव्हाचं पीठ सरळ मिसळतं. पाट्यांच्या मध्ये, पीठ पडतं त्या कापडी बोळात, खालच्या डब्यात, सगळीकडे कणीक बसलेली असते. गिरणीवाल्याशी बोलून सकाळी पहिला नंबर लावला, चक्की झाडून घेतली आणि आधी थोडी ज्वारी दळून बाजूला काढली तरी पीठ शंभर टक्के शुद्ध होत नाही. परवडत असेल तर दोन-चार घरांनी मिळून घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. पथ्य काटेकोर पाळूनही टीटीजी उतरत नाही म्हणून लोक डॉक्टर बदलतात, आणि खोट निघते गिरणीत.

टीटीजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा करायची, आकडा हळूहळूच उतरतो. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि मुलांची उंची-वजन यांची नोंद एकाच वहीत ठेवून घ्या. रुग्णाच्या आईवडिलांची, सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही तीच रक्ततपासणी करून घ्यावी, तक्रार असो वा नसो. अशा प्रत्येक नातेवाइकाला हा आजार असण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा असते. एकदा निगेटिव्ह आली म्हणून ती गोष्ट कायमची संपत नाही. आजार पुढे कोणत्याही वयात उद्भवू शकतो, तेव्हा काही वर्षांनी किंवा लक्षण दिसलं की पुन्हा रक्त द्यायचं, आणि त्या भावंडांनी तोपर्यंत गहू खात राहायचा.